पायथनमध्ये स्ट्रिंगमधली नको असलेली चिन्हं काढताना: मराठी मजकुराचं काय?

स्ट्रिंगमधून नको ती चिन्हं कशी काढायची, याची उत्तरं इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्यातली बहुतेक इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. ती मराठीवर चालवली की 'मराठी'चं 'मरठ' होतं आणि 'प्रश्न'चं 'परशन'. एरर येत नाही, प्रोग्रॅम बिनबोभाट संपतो, आणि काना, मात्रा, वेलांट्या गेल्या हे कळतं तेव्हा मूळ फाइलवर नवी फाइल सेव्ह झालेली असते. म्हणून या लेखात साधी साधनं तर सांगतोच, पण प्रत्येक साधन मराठी मजकुरावर कसं वागतं तेही सांगतो. पायथनची तोंडओळख असेल, म्हणजे व्हेरिएबल, फंक्शन आणि फॉर लूप माहीत असेल, तर एवढं पुरे.

एक सूचना आधीच. इथे सगळा कोड देवनागरीत लिहिला आहे. प्रत्यक्ष टाइप करताना पायथनची स्वतःची नावं (प्रिंट, स्ट्रिप, रिप्लेस वगैरे) रोमन छोट्या अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत लिहायचे. स्पेलिंग नेहमीचंच आहे, वेगळं असेल तिथे सांगितलं आहे. व्हेरिएबलची नावं मात्र तशीच देवनागरीत ठेवलीत तरी चालतात. पायथन ३ ला 'मजकूर' हे नाव चालतं.

काढण्याआधी आत काय आहे ते बघा

ही पायरी सगळे टाळतात, आणि निम्मा त्रास तिथेच सुरू होतो. समजा, दोन ठिकाणांहून आलेला 'यादी' हा शब्द तुम्ही जुळवून बघताय. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण तुलना केली की उत्तर 'फॉल्स' येतं. लांबी मोजली तर एकाची ४, दुसऱ्याची ५. पाचवं कॅरॅक्टर कुठून आलं, ते प्रिंट करून कळणार नाही, कारण ते दिसतच नाही.

अशा वेळी पहिलं हत्यार म्हणजे रेप्र हे फंक्शन. त्याचं स्पेलिंग आर, ई, पी, आर. प्रिंट(रेप्र(मजकूर)) लिहिलंत की न दिसणारी कॅरॅक्टर बॅकस्लॅश आणि त्यांच्या क्रमांकासकट उघडी पडतात. दुसरं हत्यार ऑर्ड, स्पेलिंग ओ, आर, डी. ते एका कॅरॅक्टरचा युनिकोड क्रमांक देतं (युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी प्रमाण यादी):

```
फॉर च इन मजकूर:
    प्रिंट(ऑर्ड(च), रेप्र(च))
```

आपल्या पाच कॅरॅक्टरांच्या 'यादी'वर हा लूप फिरवला की क्रमांक येतात: २३५१, २३६६, २३४२, २३६८ आणि ८२०३. पहिले चार म्हणजे य, काना, द आणि दीर्घ वेलांटी. पाचवा ८२०३ म्हणजे शून्य रुंदीची स्पेस. वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात ती हमखास सापडते.

या छापील यादीत आणखी एक गोष्ट दिसली असेल. 'दी' हे आपल्यासाठी एक अक्षर, पण पायथनसाठी दोन कॅरॅक्टर: द वेगळा, वेलांटी वेगळी. जोडाक्षरात तर पाय मोडणारं हलन्त चिन्हसुद्धा स्वतंत्र कॅरॅक्टर असतं, म्हणून 'प्रश्न'ची लांबी ६ येते. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे, तेव्हा दोनचार शब्दांवर हा लूप स्वतः फिरवून बघाच.

नेहमी भेटणारी मंडळी क्रमांकानिशी ओळखून ठेवली की काम सोपं होतं. १६० ही न तुटणारी स्पेस. वर्ड प्रोसेसर आणि वेबपानांतून येते, दिसते साध्या स्पेससारखी, पण साध्या स्पेसचा क्रमांक ३२. १३ हे विंडोजमधल्या फाइलींत ओळीच्या शेवटी येणारं कॅरेज रिटर्न. १७३ हा न दिसणारा सॉफ्ट हायफन. ६५२७९ ही फाइलच्या अगदी सुरुवातीला बसणारी बाइट-क्रमाची खूण. ८२१६, ८२१७, ८२२० आणि ८२२१ ही वळणदार अवतरणचिन्हं, ८२११ आणि ८२१२ हे लांब डॅश. ८२०४ आणि ८२०५ यांच्याबद्दल पुढे सविस्तर बोलू. ती दिसत नाहीत म्हणून एवढ्यात काढून टाकू नका.

एखादा क्रमांक ओळखीचा नसेल तर युनिकोडडेटा हे मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातलं नेम हे फंक्शन वापरा, ते कॅरॅक्टरचं अधिकृत नाव सांगतं. टॅब आणि नवी ओळ यांसारख्या नियंत्रक कॅरॅक्टरांना मात्र तिथे नाव नाही, त्यावर व्हॅल्यूएरर येते. नेमला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून एक रिकामी स्ट्रिंग दिलीत की ती टळते.

कडांची सफाई: स्ट्रिप

मजकुराच्या दोन्ही टोकांची स्पेस, टॅब, नवी ओळ काढायची तर मजकूर.स्ट्रिप(). फक्त डावीकडची काढायची तर एलस्ट्रिप, उजवीकडची काढायची तर आरस्ट्रिप. न तुटणारी स्पेससुद्धा स्ट्रिप काढतं. ८२०३ आणि ६५२७९ मात्र काढत नाही, कारण युनिकोडच्या हिशेबात ती मोकळी जागा नाही.

नवशिक्यांची इथे हमखास होणारी गफलत अशी, की नुसतं मजकूर.स्ट्रिप() लिहून पुढे जायचं. पायथनमधली स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही. प्रत्येक मेथड नवी स्ट्रिंग परत देते. ती पकडून ठेवायला हवी: मजकूर = मजकूर.स्ट्रिप(). हेच पुढच्या सगळ्या मेथडना लागू आहे.

दुसरी गफलत जास्त खोल आहे. स्ट्रिपला कंसात काही दिलं तर तो ते शब्द म्हणून वाचत नाही, कॅरॅक्टरांचा संच म्हणून वाचतो. फाइलचं नाव 'यादी-जुनी' आहे आणि शेवटचं '-जुनी' काढायचंय:

```
"यादी-जुनी".आरस्ट्रिप("-जुनी")
```

उत्तर 'यादी' येईल असं वाटतं, पण येतं 'याद'. आरस्ट्रिपने उजवीकडून एकेक कॅरॅक्टर तपासलं: वेलांटी संचात आहे, काढ, न आहे, काढ, उकार, ज, हायफन, सगळे काढ. मग पुढे 'दी'ची वेलांटी आली. तीही संचात होती, म्हणून तीही गेली. द संचात नव्हता, तिथे तो थांबला. इंग्रजीतही ही चूक होते, पण मराठीत स्वरचिन्हं सुटी असल्यामुळे ती अधिक सहज घडते आणि 'याद' हाही खरा शब्द असल्याने नजरेतून सुटते.

यावरचा उपाय ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या पायथन ३.९ पासून भाषेतच आहे: रिमूव्हप्रीफिक्स आणि रिमूव्हसफिक्स. ही दोन्ही दिलेला तुकडा जसाच्या तसा सापडला तरच काढतात. "यादी-जुनी".रिमूव्हसफिक्स("-जुनी") याचं उत्तर 'यादी'. आधी किंवा शेवटी एखादा ठरावीक तुकडा काढायचा असेल तर डोळे झाकून हीच वापरा.

कुठेही असो, काढा: रिप्लेस

मजकूर.रिप्लेस("*", "") म्हणजे प्रत्येक तारांकनाच्या जागी रिकामी स्ट्रिंग, अर्थात ते काढलं. एखाददुसरं चिन्ह असेल तर याहून वाचायला सोपं काही नाही.

रिप्लेसला शब्दांच्या सीमा कळत नाहीत. मोजमापांच्या रकान्यातून 'मी' हे मीटरचं लघुरूप काढायला गेलात तर '५० मी'चं '५० ' होईल, पण शेजारच्या 'उंची कमी' या शेऱ्याचं 'उंची क' होईल. एकच अक्षर काढतानाही जपा: 'टाकी'मधून क काढला तर त्याची वेलांटी मागेच राहते आणि आधीच्या 'टा'ला जाऊन चिकटते. देवनागरीत सुटं व्यंजन रिप्लेसने काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे; चिन्हं काढायला ते उत्तम आहे.

काढायचं की त्याजागी स्पेस ठेवायची, हाही विचार प्रत्येक चिन्हामागे करायला हवा. १६० क्रमांकाची स्पेस नुसती उडवली तर दोन शब्द एकमेकांना चिकटतात, म्हणून तिच्या जागी साधी स्पेस ठेवायची. हायफनचं उत्तर मजकुरावर अवलंबून आहे. 'आई-वडील' मधला हायफन काढून 'आईवडील' ठेवायचं की 'आई वडील', ते पुढे त्या मजकुराचं काय करायचंय त्यावर ठरतं.

दोन शब्दांमधल्या जादा स्पेससाठी दोन स्पेसच्या जागी एक असं रिप्लेस करणं पुरत नाही. चार स्पेस असतील तर एका फेरीनंतर दोन उरतात. त्यापेक्षा ही एक ओळ पाठच करा:

```
मजकूर = " ".जॉइन(मजकूर.स्प्लिट())
```

कंसात काही न देता वापरलेला स्प्लिट कुठल्याही प्रकारच्या आणि कितीही मोकळ्या जागेवर तुकडे करतो, जॉइन ते एकेका स्पेसने जोडतो. टोकांची स्पेसही आपोआप जाते. फक्त नव्या ओळीसुद्धा मोकळ्या जागेतच मोडतात, त्यामुळे परिच्छेद टिकवायचे असतील तर आधी स्प्लिटलाइन्सने ओळी वेगळ्या करा आणि हे प्रत्येक ओळीवर करा.

एकदम बरीच चिन्हं: ट्रान्सलेट

काढायची चिन्हं दहा-वीस असली की रिप्लेसची रांग लावण्यात अर्थ नाही. आधी मेकट्रान्सने तक्ता करायचा, मग ट्रान्सलेटने तो लावायचा. मेकट्रान्स स्ट्रिंग प्रकारावरच असतं, त्या प्रकाराचं पायथनमधलं नाव एसटीआर:

```
तक्ता = एसटीआर.मेकट्रान्स("", "", "!?,;:*#।“”‘’")
मजकूर = मजकूर.ट्रान्सलेट(तक्ता)
```

तिसऱ्या जागी दिलेलं प्रत्येक कॅरॅक्टर काढलं जातं. एका फेरीत सगळं होतं आणि मोठ्या मजकुरावर हे झपाट्याने चालतं.

बऱ्याच लेखांत हाताने यादी करण्याऐवजी स्ट्रिंग मॉड्यूलमधलं पंक्च्युएशन वापरायला सांगतात. त्यात ३२ चिन्हं आहेत, सगळी इंग्रजी कीबोर्डवरची. आपला दंड (।) त्यात नाही, दुहेरी दंड नाही, वळणदार अवतरणचिन्हंही नाहीत. वापरायचं तर ती स्वतः जोडा.

पहिल्या दोन जागा बदलासाठी आहेत. मराठी अंकांचे इंग्रजी अंक करायचे असतील तर पहिल्या जागी "०१२३४५६७८९", दुसऱ्या जागी त्याच क्रमाने दहा इंग्रजी अंक. दोन्हींची लांबी सारखी हवी, नाहीतर व्हॅल्यूएरर येते. नुसती संख्याच हवी असेल तर एवढंही लागत नाही: पायथनच्या इंटला "१२३" ही स्ट्रिंग थेट कळते आणि तो बरोबर संख्या देतो.

काय ठेवायचं ते सांगा, पण मराठीसकट

आतापर्यंत आपण काय काढायचं ते सांगत होतो. मजकूर परका असेल, लोकांनी हाताने भरलेला असेल, तर काय काय येईल ते आधी सांगता येत नाही. तेव्हा उलट्या बाजूने जायचं: ठेवायचं काय ते ठरवायचं, बाकी सगळं काढायचं. इथे जवळपास प्रत्येक ठिकाणी सापडणारी ओळ अशी:

```
"".जॉइन(च फॉर च इन मजकूर इफ च.इझॲल्नम())
```

इझॲल्नम (स्पेलिंग आय, एस, ए, एल, एन, यू, एम) म्हणजे अक्षर किंवा अंक आहे का. सुरुवातीला म्हटलेलं 'मरठ' तयार होतं ते इथेच. युनिकोडमध्ये प्रत्येक कॅरॅक्टरचा एक प्रवर्ग असतो. क, ख, अ, आ ही अक्षरं 'एल' या गटात. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे 'एम' म्हणजे जोडचिन्हांच्या गटात. इझॲल्नम फक्त अक्षरं आणि अंक बघतं, जोडचिन्हं त्याच्या लेखी दोन्हींत बसत नाहीत. इंग्रजीत जोडचिन्हं जवळपास लागतच नाहीत, म्हणून तिकडे या ओळीचा दोष कधी दिसत नाही.

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येही, म्हणजे मजकुरातले साचे शोधण्याच्या संकेतभाषेतही, तोच सापळा आहे. पायथनच्या आरई मॉड्यूलमधला बॅकस्लॅश-डब्ल्यू हा 'शब्दातलं कॅरॅक्टर' ओळखणारा संकेत इझॲल्नमच्याच व्याख्येवर उभा आहे, वर फक्त अंडरस्कोर. त्यामुळे मोठ्या डब्ल्यूने 'शब्दात नसलेलं सगळं काढ' म्हटलं की काना-मात्रा जातात.

उपाय अवघड नाही. प्रवर्ग स्वतः विचारायचा. युनिकोडडेटा.कॅटेगरी(च) दोन अक्षरांचं उत्तर देतं, त्यातलं पहिलं अक्षर गट सांगतं. एल, एम आणि एन, म्हणजे अक्षर, जोडचिन्ह आणि अंक, हे तीन गट ठेवले की मराठी शाबूत राहते. फक्त देवनागरीच ठेवायची असेल तर ऑर्ड २३०४ ते २४३१ च्या दरम्यान आहे का ते बघा. देवनागरीच्या मूळ विभागातल्या १२८ जागा तेवढ्याच. मात्र दंड (२४०४) आणि दुहेरी दंड (२४०५) याच विभागात येतात, ते नको असतील तर वेगळे वगळावे लागतात.

न दिसणारी, पण हवी असलेली दोन कॅरॅक्टर

८२०५ हा शून्य रुंदीचा जोडक, ८२०४ हा शून्य रुंदीचा विभाजक. इंग्रजी मजकुरात यांना सहसा काम नसतं, म्हणून 'अदृश्य कचरा' असं लेबल लावून ती सरसकट काढायला सांगतात. मराठीत त्यांना काम आहे.

'दऱ्या' हा शब्द घ्या, डोंगरदऱ्यांमधला. यातला आडवा र दोन प्रकारे टाइप केला जातो. एक प्रकार: ऱ हे वेगळं अक्षर (२३५३), मग हलन्त, मग य. दुसरा प्रकार: साधा र (२३५२), हलन्त, ८२०५ चा जोडक, मग य. पडद्यावर दोन्ही सारखे. पण दुसऱ्या प्रकारातला जोडक काढलात की उरतो 'दर्या', म्हणजे समुद्र. 'तऱ्हा'चं 'तर्हा' होतं, 'सुऱ्या'चं 'सुर्या'. शोध लागत नाही, वर्गवारी चुकते, आणि दोष कशाचा ते लवकर सापडत नाही.

असंच 'ॲ'चं. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा (२४१८) २००८ साली, ५.१ आवृत्तीत मिळाली. त्याआधी, आणि अनेक कीबोर्डवर नंतरही, लोक अ, मग ८२०५ चा जोडक, मग चंद्र असं टाइप करत. जुन्या मराठी वेबपानांवर 'अॅप', 'अॅसिड' यांसारखे शब्द असे अजून पडून आहेत.

माझा सल्ला: जोडक काढायला जाण्याआधी त्याचं काम दुसऱ्या, नीट लिहिण्याकडे सोपवा. र, हलन्त, जोडक या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवा. अ, जोडक, चंद्र याच्या जागी ॲ ठेवा. यानंतर जोडक फक्त हलन्तानंतर आला असेल तर राहू द्या, इतरत्र कुठे भरकटलेला दिसला तर काढा. विभाजकालाही हाच नियम.

याच्याही आधी नॉर्मलायझेशन करावं. एकच अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं तेव्हा ते एका रूपात आणण्याचं हे काम. उदाहरणार्थ, ऱ एका कॅरॅक्टरने लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन कॅरॅक्टरांनी. युनिकोडडेटा.नॉर्मलाइझला 'एनएफसी' हे रूप मागितलं की दोन्हींचा एक ऱ होतो. पण अ आणि काना असे सुटे टाइप केलेले असतील तर त्यांचा आ ते करत नाही, आणि वरच्या ॲ चं कामही करत नाही. ते आपल्यालाच रिप्लेसने करावं लागतं.

रेग्युलर एक्स्प्रेशन: कधी, आणि कुठे सांभाळायचं

काढायची गोष्ट ठरावीक चिन्ह नसून एखादा साचा असेल तेव्हाच याच्याकडे वळा: कंसातला मजकूर, ओळीच्या सुरुवातीचे क्रमांक, असं काही. आरई मॉड्यूलमधलं सब हे फंक्शन साचा, बदली मजकूर आणि मूळ स्ट्रिंग या क्रमाने घेतं. साच्याच्या अवतरणाआधी आर हे अक्षर लावायची सवय ठेवा, म्हणजे बॅकस्लॅशचा वेगळा अर्थ लागत नाही.

'सूची (जुनी) आणि नोंद (नवी)' यातले कंस आतल्या मजकुरासकट काढायचे आहेत. सहज सुचणारा साचा:

```
\(.*\)
```

याने उरतं फक्त 'सूची '. टिंब-तारा जमेल तेवढं गिळतो: पहिल्या उघड्या कंसापासून शेवटच्या बंद कंसापर्यंत सगळं, मधलं 'आणि नोंद' सुद्धा. हवा तो साचा असा:

```
\([^)]*\)
```

उघडा कंस, मग बंद कंस सोडून काहीही, मग बंद कंस. आता 'सूची' आणि 'आणि नोंद' दोन्ही राहतात. कंस गेल्याच्या जागी दोन स्पेस उरतात, त्यांच्यासाठी वरची स्प्लिट-जॉइनची ओळ आहेच.

चौकोनी कंसातला हायफनही फसवतो. [+-.] असं लिहिलं तर अधिक, हायफन आणि टिंब एवढीच काढली जातील असं वाटतं. पण मधला हायफन 'पासून-पर्यंत' असा वाचला जातो, आणि अधिक ते टिंब या पट्ट्यात स्वल्पविरामही येतो, तोही जातो. हायफन नेहमी शेवटी लिहा: [+.-]. काढायची चिन्हं बाहेरून येत असतील, म्हणजे वापरणाऱ्याने दिलेली, तर ती आधी आरई मॉड्यूलच्या एस्केप फंक्शनमधून जाऊ द्या.

कचरा नसून चुकीचं वाचन असेल तर

मराठीच्या जागी परकी स्वरचिन्हं लावलेली रोमन अक्षरं आणि चलनचिन्हं ओळीने दिसायला लागली, तर ती काढायची नसतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे आणि ती दुसऱ्याच एन्कोडिंगने (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीने) वाचली गेली आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक कॅरॅक्टर ३ बाइटचं; ते तीन वेगळे बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून दाखवले जातायत. फाइल उघडतानाच ओपनला एन्कोडिंग सांगा. 'यूटीएफ-८-सिग' हे एन्कोडिंग दिलंत तर सुरुवातीची ६५२७९ ची खूणही आपोआप जाते.

� हे चिन्ह (६५५३३) दिसलं तर परिस्थिती जास्त गंभीर आहे: वाचताना काही बाइट कळले नाहीत आणि मूळ अक्षर आधीच हरवलंय. ते काढून काही साधत नाही, मूळ फाइलकडे परत जा.

एक ओळ मात्र कधीच वापरू नका. 'विचित्र चिन्हं घालवा' म्हणून मजकूर आस्की एन्कोडिंगमध्ये, चुका दुर्लक्षित करून, बदलायचा आणि परत डीकोड करायचा असा उपाय जागोजागी सुचवलेला आढळतो. आस्कीत १२८ कॅरॅक्टर आहेत आणि देवनागरी एकही नाही. 'मराठी' या शब्दावर हा उपाय केलात तर हातात रिकामी स्ट्रिंग येते.

सगळं एकत्र

क्रम महत्त्वाचा आहे: आधी बरोबर एन्कोडिंगने वाचणं, मग नॉर्मलायझेशन, मग जोडकाची बदली, मग गाळणी, आणि स्पेसची आवराआवर सगळ्यात शेवटी, कारण गाळणीनंतरच जादा स्पेस उरतात. खालच्या कोडमध्ये सीएचआर हे ऑर्डच्या उलट काम करणारं फंक्शन आहे, आणि 'एलएमएन' व 'एनएफसी' ही रोमन मोठ्या अक्षरांत टाइप करायची.

```
इम्पोर्ट युनिकोडडेटा

जोडक = सीएचआर(८२०५)
विभाजक = सीएचआर(८२०४)
हलन्त = सीएचआर(२३८१)
चंद्र = सीएचआर(२३७३)

डेफ राहू_दे(च, मागचे):
    इफ च.इझस्पेस():
        रिटर्न ट्रू
    इफ च == जोडक ऑर च == विभाजक:
        रिटर्न मागचे == हलन्त
    रिटर्न युनिकोडडेटा.कॅटेगरी(च)[०] इन "एलएमएन"

डेफ साफ_करा(मजकूर):
    मजकूर = युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ("एनएफसी", मजकूर)
    मजकूर = मजकूर.रिप्लेस("र" + हलन्त + जोडक, "ऱ" + हलन्त)
    मजकूर = मजकूर.रिप्लेस("अ" + जोडक + चंद्र, "ॲ")
    मजकूर = मजकूर.रिप्लेस("अ" + चंद्र, "ॲ")
    उरलेले = []
    मागचे = ""
    फॉर च इन मजकूर:
        इफ राहू_दे(च, मागचे):
            उरलेले.अपेंड(च)
        मागचे = च
    रिटर्न " ".जॉइन("".जॉइन(उरलेले).स्प्लिट())
```

ट्रू आणि फॉल्सचं पहिलं अक्षर मोठं असतं, एवढं विसरू नका. हे फंक्शन दंडासकट सगळी विरामचिन्हं काढतं. काही ठेवायची असतील तर राहू_दे मध्ये एक इफ वाढवा. पांडाज (तक्त्यांतला डेटा हाताळणारी लायब्ररी) वापरत असाल तर रकान्यावर अप्लाय करून हेच फंक्शन लावता येतं. तिथल्या स्ट्रिंग-रिप्लेसबद्दल एकच लक्षात ठेवा: २.० आवृत्तीपासून ते साचा नव्हे, साधा मजकूर म्हणूनच वाचतं; साचा हवा तर रेजेक्स=ट्रू लिहावं लागतं.

डेटाबेसच्या क्वेरीत घालण्याआधी अवतरणचिन्हं काढली म्हणजे सुरक्षित झालं, असंही समजू नका. तिथे डेटाबेस लायब्ररीचे पॅरामीटरच वापरायचे. सफाई हा त्याला पर्याय नाही.

आता तपासणी. साफ केलेला मजकूर मूळ रकान्यावर लिहू नका, शेजारी नवा रकाना करा. मग कलेक्शन्स मॉड्यूलमधला काउंटर (याचंही पहिलं अक्षर मोठं) घ्या आणि काय गेलं ते मोजा:

```
गेलेले = काउंटर(मूळ) - काउंटर(साफ)
फॉर च, किती इन गेलेले.मोस्ट_कॉमन():
    प्रिंट(ऑर्ड(च), रेप्र(च), किती)
```

या यादीत स्वल्पविराम, दंड, ८२०३, १६०, काही स्पेस आणि बदली झालेले काही जोडक दिसले तर ठीक. बदली झालेल्या आडव्या रमुळे थोडे २३५२, आणि ॲ मुळे काही २३०९ व २३७३ दिसतील, तेही अपेक्षित. पण २३६६ किंवा २३६८ दिसला तर तिथेच थांबा: काना आणि वेलांट्या गळतायत, आणि तुमच्या कोडमध्ये कुठेतरी इझॲल्नम, बॅकस्लॅश-डब्ल्यू किंवा स्ट्रिपला दिलेला मराठी संच लपलेला आहे.